सगळे मासे सोडून दिले, म्हणून तळं उपाशी राहिलं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या हौशी मासेमारीवर आलेला लेख वाचला. गळाला लागलेला भलामोठा मासा हातात धरून फोटो काढायचा आणि मग त्याला अलगद पाण्यात सोडून द्यायचं, ही तिथली रीत लेखकाला फार भावली. आपल्याकडच्या तळ्याकाठच्या लोकांनीही ती उचलावी, असं त्यांनी सुचवलं आहे. त्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. पण लेखात अर्धीच गोष्ट आली. राहिलेली अर्धी गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून मी ज्या तळ्याकाठी राहते तिथले मासे वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिले, आणि हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

मी मूळची देवगड तालुक्यातली. लग्नानंतर अमेरिकेत आले आणि आता जॉर्जिया राज्यात, तांबड्या मातीच्या टेकड्यांमधल्या एका वसाहतीत राहते. वसाहतीच्या मधोमध तीस एकरांचं तळं आहे. ओढ्याला मातीचा बांध घालून केलेलं, एका टोकाला सांडवा, भोवताली घरं. तळं सरकारी नाही, घरमालकांच्या संघटनेच्या मालकीचं आहे. त्याची देखभाल करणाऱ्या समितीत मी आहे.

या तळ्यातला मुख्य मासा म्हणजे लार्जमाउथ बास. हिरवट पाठ, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा, आणि जबडा इतका मोठा की तोंड मिटल्यावर त्याची कड डोळ्याच्याही मागे जाते. पक्का शिकारी. त्याचं खाद्य म्हणजे ब्लूगिल नावाचा तळहाताएवढा चपटा मासा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बहुतेक खाजगी तळ्यांत हीच जोडी असते. दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोचा बास गळाला लागावा हे इथल्या प्रत्येक गळवाल्याचं स्वप्न. त्याला ते ट्रॉफी म्हणतात. आमच्या तळ्यातही ट्रॉफी व्हावी म्हणून आधीच्या समितीने नियम केला होता: एकही बास घरी न्यायचा नाही, पकडलेला प्रत्येक मासा परत पाण्यात. नियम लोकांनी मनापासून पाळला आणि तळ्यातले मासे बारा इंचांवर येऊन थांबले.

हे कसं झालं ते नीट सांगते, कारण गोम इथेच आहे.

वसंतात पाणी जरा कोमट झालं की बासचा नर काठाजवळच्या उथळ पाण्यात शेपटीने तळ साफ करून घरटं करतो. मादी त्यात हजारो अंडी घालते आणि निघून जाते. राखण नर करतो. यातली फार थोडी पिल्लं जगतात, पण बंदिस्त तळ्याला तेवढीही पुष्कळ होतात. दरवर्षी नवी पिढी येते आणि जुनी कुठे जात नाही, कारण नदीसारखा पसरायला वाव नाही आणि माणूसही एकही मासा काढत नाही. खाणारी तोंडं वाढत जातात, खाद्य तेवढंच राहतं. बासच्या अंगावर एक किलो मांस चढायला त्याला साधारण दहा किलो मासे खावे लागतात, असा इथला ठोकताळा आहे. ते मिळेनासे झाले की तो मरत नाही, नुसता जगत राहतो. आपल्याकडे बाजरी दाट उगवली की शेतकरी विरळणी करतो. ती केली नाही तर सगळं शेत हिरवं दिसतं पण कणीस भरत नाही. तळ्याचं नेमकं तसंच होतं.

फसवं असतं ते असं की दाटी झालेल्या तळ्यात गळ टाकला की लगेच मासा लागतो. भुकेलेला मासा काहीही पकडतो. त्यामुळे आमच्या वसाहतीतले लोक खूष होते. मुलांना तासाभरात चार-पाच मासे लागायचे, आणि तळं उत्तम आहे अशी सगळ्यांची समजूत. शिवाय अधूनमधून हाताच्या पंजात न मावणारा ब्लूगिल मिळायचा, त्याचंही कौतुक व्हायचं. वास्तविक तेच मोठं लक्षण होतं. तीन ते पाच इंचांचे सगळे ब्लूगिल बासनी फस्त केलेले, आणि जे मोजके वाचले ते इतके मोठे झाले की खुरट्या बासच्या तोंडात जाईनात. वर मोठे, खाली बोटभर पिल्लं, मधली पिढीच गायब. ज्यांना मोठे ब्लूगिल हवे असतात ते मुद्दाम बासची दाटी ठेवतात, हेही इथे सांगायला हवं. तळं कशासाठी हवं हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही मासे एकाच तळ्यात एकाच वेळी विक्रमी होणं अवघड असतं.

मला शंका आली ती स्वयंपाकघरात. एका शेजाऱ्याच्या मुलाच्या गळाला लागलेला बास गळ खोल गेल्यामुळे वाचण्यासारखा नव्हता, म्हणून तो त्याने मला आणून दिला. मासा मी लहानपणापासून साफ करत आले आहे, त्यामुळे हातात घेतल्याबरोबर वजन खटकलं. डोकं मोठं, अंग निमुळतं, पोट आत गेलेलं. अंगाच्या मानाने शेपूटही मोठी वाटत होती. पोट फाडलं तर आत चरबीचा धागासुद्धा नाही, आणि जठरात काय, तर चतुराच्या दोन अळ्या आणि थोडा काळपट गाळ. बारा इंचांच्या शिकारी माशाच्या पोटात अळ्या! तो जेवण म्हणून किडे वेचत होता.

मग समितीने मत्स्यतज्ज्ञांकडून रीतसर पाहणी करून घेतली. बोटीच्या तोंडाला पुढे आलेल्या दांड्यांवरून तारा पाण्यात लोंबतात, जनरेटरवरून पाण्यात वीज सोडतात. जवळपासचे मासे काही क्षण गुंगतात आणि वर येतात. ते जाळीने उचलून टाकीत घ्यायचे, ओल्या फळीवर तोंड मिटून, शेपटी जुळवून लांबी घ्यायची, वजन करायचं आणि सोडायचं. त्या दिवशी मी वजनं लिहून घ्यायला बसले होते. बारा इंचांचा निरोगी बास ४०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. आमचे ३२०, ३३०, फार तर ३४० भरत होते. इथले लोक याला सापेक्ष वजन म्हणतात: त्या लांबीला जे वजन असायला हवं ते १०० धरायचं आणि आपला मासा त्याच्या किती टक्के आहे ते पाहायचं. आमचे ऐंशी-पंच्याऐंशीत होते. चौदा इंचांच्या पुढचे मासे जेमतेम काही.

नमुन्यादाखल काही मासे वय पाहायला ठेवून घेतले. आमच्याकडे ढोमा साफ करताना डोक्यात पांढरे खडे सापडतात ते कोकणातल्या वाचकांना माहीत असेल. बासच्या डोक्यातही तसे खडे असतात, पण बारीक. तो खडा कापून भिंगाखाली धरला की वर्षागणिक एक अशी वलयं दिसतात. जो मासा मी कोवळा समजत होते त्याच्या खड्यात सहा वलयं निघाली. या हवामानात पोटभर खाणारा बास दोन वर्षांत बारा इंच होतो. आमचा सहा वर्षांत झाला होता, आणि पुढे वाढायची चिन्हं नव्हती. मासा सहसा दहा-बारा वर्षांच्या पुढे फार जात नाही. म्हणजे ज्याला आम्ही 'मोठा होऊ दे' म्हणून सोडत होतो त्याचं वाढीचं वय उपासात निघून गेलं होतं.

आता हिशोब. खत न घातलेल्या, साध्या तळ्यातून दरवर्षी एकरी १० ते १५ पौंड बास काढावेत असं इथे सर्वसाधारणपणे सांगतात. पाण्याला खत देऊन खाद्य वाढवलं असेल तर त्याहून बरेच जास्त. एकरी १५ पौंड म्हणजे सुमारे ७ किलो. तीस एकरांना २१० किलो. आमचा मासा सरासरी ३४० ग्रॅमचा धरला तर हे झाले सहाशेच्या वर मासे, आणि तेही दरवर्षी. समितीच्या बैठकीत मी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीत एकदम गलका झाला. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एका सभासदांनी ठासून सांगितलं की ज्या तळ्यातून सहाशे मासे काढाल तिथे मोठा मासा दिसणारच नाही. मला त्यांचा राग आला नाही. मासा सोडणं म्हणजे त्याला जीवदान देणं, हे त्यांच्या मनात दोन पिढ्या रुजलेलं आहे.

ते रुजलं कसं हेही आपल्या वाचकांना कळायला हवं. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीचे रे स्कॉट यांनी बास मासेमारीच्या स्पर्धा सुरू केल्या. स्पर्धांत मारलेल्या माशांचे ढीग लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागले, तेव्हा १९७२ मध्ये त्यांनी 'पकडलेला मासा मारू नका' अशी मोहीम काढली. मोठ्या सरकारी जलाशयांवर हजारो लोक गळ टाकतात, तिथे हे हवंच होतं. त्या मोहिमेने फार मोठं काम केलं आहे. आपल्याकडच्या महसीरबद्दल तर मी एक शब्दही वेगळा बोलणार नाही. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवाचे म्हणून लोकांनी राखलेले महसीर किंवा लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात टाटा पॉवरने वाढवलेली महसीरची पिल्लं, हे वाहत्या नदीचे, कमी होत चाललेले मासे आहेत. तिथे गळ टाकूच नये. पण नदीचा नियम उचलून तीस एकरांच्या बंद तळ्याला लावला की त्याचा अर्थ उलटा होतो.

खाजगी तळ्याचं शास्त्र मुळात सुरू झालं तेच खाण्यासाठी. मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, अलाबामातल्या ऑबर्न इथे होमर स्विंगल या प्राध्यापकांनी शेतातल्या तळ्यांवर काम सुरू केलं. शेतकऱ्याच्या घरी दर आठवड्याला ताटात मासा यावा, हा त्यामागचा हेतू. कोणते मासे किती प्रमाणात सोडले, किती काढले म्हणजे तळं वर्षानुवर्षं पीक देत राहील, हे त्यांनी तळ्यामागून तळी रिकामी करून, मासे तोलून शोधून काढलं. बास आणि ब्लूगिलची जोडी त्यांच्याच प्रयोगांतून रूढ झाली. खाणारा आणि खाद्य यांचा तोल हा त्यांचा मुख्य विचार, आणि त्या तोलात माणसाने दरवर्षी मासे काढणं हे धरलेलंच होतं. ते काढणं बंद केलं तर बाकीचा हिशोब जुळत नाही. आज ट्रॉफीसाठी आपण तोच तोल मुद्दाम एका बाजूला झुकवतो: बास कमी, खाद्य भरपूर.

कोणते मासे काढायचे याबद्दल मात्र डोळस राहावं लागतं. आमचा नियम आता असा आहे की चौदा इंचांखालचा बास घरी न्यायचा, त्यावरचा सोडायचा. पण चौदा इंचांखालचा एखादा मासा गोल, गच्च भरलेला दिसला तर तोही सोडतो, कारण तो कोवळ्या वयात झपाट्याने वाढणारा आहे आणि उद्याची ट्रॉफी त्यातूनच होणार. उलट सतरा-अठरा इंचांचा पण हाडं निघालेला मासा काढलेला बरा. आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते: बासचा नर सहसा दोन-सव्वादोन किलोच्या पुढे जातच नाही. साडेचार किलोचा मासा म्हणजे मादीच. त्यामुळे वसंतात पोट फुगलेली मोठी मादी गळाला लागली की तिला फार वेळ पाण्याबाहेर ठेवू नका, जबड्याला धरून आडवी लोंबकळवू नका, खालून हाताचा आधार द्या, हे आम्ही मुलांना हाताला धरून शिकवतो. लेखात ज्या हळुवारपणाचं वर्णन आहे तो इथे हवा.

काही जण म्हणाले, काढण्यापेक्षा खाद्य विकत घेऊ. ब्लूगिलसाठी दाणे टाकणारी यंत्रं मिळतात, चारा म्हणून शॅड मासे आणून सोडता येतात. टेक्साससारख्या राज्यात तर खाजगी तळ्यात तिलापिया सोडतात. उन्हाळाभर तो पिल्लं देतो, बास ती खातात आणि थंडीत पाणी गारठलं की उरलेला तिलापिया मरतो. आम्हीही दाणे टाकतो. आमच्या तांबड्या मातीचं पाणी आम्लाकडे झुकणारं, म्हणून शेतीचा चुनाही टाकला, त्याचा उपयोग झाला. पण सहाशे तोंडं जास्तीची ठेवून खाद्याची पोती ओतणं म्हणजे खर्चाला अंत नाही. ते खाद्यही पुढच्या वर्षी नव्या पिल्लांत वाटलं जातं.

सगळ्यात कठीण गेलं ते मासे कोण खाणार हे ठरवणं. वसाहतीतल्या कित्येक घरांत दुकानातला काटे काढलेला मासा सोडून दुसरा कधी शिजलेला नाही. मारून फेकून द्यायला माझा सक्त विरोध होता आणि आहे. म्हणून धक्क्याजवळ बर्फाची पेटी ठेवली, कापायला टेबल घातलं, आणि शनिवारी सकाळी मी आणि जवळपासच्या दोन व्हिएतनामी बायका तिथे उभ्या राहून मासे साफ करून देतो. बासचं मांस पांढरं, घट्ट, काटा कमी. उन्हाळ्यात गोड्या पाण्याच्या माशाला मातकट वास येतो, तो पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांमुळे. कातडी काढायची, तुकड्यांना कोकमाचं आगळ, हळद, मीठ लावून अर्धा तास ठेवायचं, मग आलं-लसूण, मालवणी मसाला, आणि रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून तव्यावर. वास राहत नाही. आरोग्याच्या दृष्टीनेही लहान मासा खाणंच शहाणपणाचं. मोठ्या, वयस्क शिकारी माशात पारा साठत जातो, आणि इथली राज्यं कोणत्या पाण्यातला केवढा बास महिन्यातून किती वेळा खावा याची मार्गदर्शिका काढतात. म्हणजे जो काढायचा तोच खायचा आणि जो ठेवायचा तो खायचाच नाही, असा सगळा मेळ बसतो.

प्रत्येक माशाची नोंद वहीत होते: तारीख, लांबी, वजन, ठेवला की सोडला. ही वही नसती तर काहीच झालं नसतं. तिसऱ्या वर्षीच्या पाहणीत बारा इंचांचा मासा ४०० ग्रॅमच्या घरात आला. काठाच्या गवतात तीन-चार इंची ब्लूगिल परत दिसू लागले. वीस इंचांचा, दोन किलोच्या वरचा बास आता दर हंगामात कुणाला ना कुणाला लागतो. साडेचार किलोचा अजून लागलेला नाही, आणि इतक्यात लागेल असंही मी कुणाला सांगत नाही. मादीला त्या वजनाला पोचायला सगळं मनासारखं जुळून आलं तरी आठ-दहा वर्षं लागतात. माझी खरी काळजी वेगळीच आहे. मासे जरा बरे दिसायला लागले तशी लोकांनी काढणी सैल केली आहे. 'आता इतका छान झालाय, सोडूया की.' वहीतला गेल्या हंगामाचा आकडा ठरलेल्या वजनाच्या निम्म्यावर आहे. विणीचा हंगाम तर दरवर्षी येतोच.

ज्यांना मासा खाल्ल्याने ट्रॉफी जाते असं वाटतं त्यांना मी जॉर्जियाचीच गोष्ट सांगते. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम याच राज्यातला. २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी नावाच्या गरीब शेतकरी तरुणाने माँटगोमेरी लेक नावाच्या पाण्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त भरणारा बास पकडला. वजन करून नोंद झाली, आणि मासा पेरीच्या घरी शिजला. मंदीचे दिवस होते, घरात खाणारी माणसं होती. आमच्या तळ्यात तेवढी मादी आली तर मी ती सोडीनच. पण पेरीच्या घरच्या त्या जेवणात मला काही वावगं दिसत नाही.

या विक्रमाची बरोबरी पुढे झाली ती जपानमध्ये. २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी बिवा तलावात जवळजवळ तेवढ्याच वजनाचा बास पकडला, आणि गळाला आमिष होतं जिवंत ब्लूगिल. ही बातमी वाचून आपल्याकडच्या कुणा तरुणाला मोह व्हायला नको म्हणून पुढचं मुद्दाम लिहिते. हे दोन्ही मासे जपानचे नाहीत. ब्लूगिल तिथे १९६० मध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी दिलेल्या भेटीतून गेला. पुढे तो आणि बास मिळून बिवातल्या मूळ माशांवर असे पसरले की २००७ मध्ये सम्राट म्हणून अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. बिवा तलाव ज्या शिगा प्रांतात आहे तिथे आज पकडलेला बास किंवा ब्लूगिल जिवंत परत सोडायला नियमानेच मनाई आहे. माझ्या नणंदेच्या मुलाने मला विचारलं होतं, 'मामी, बासचं बीज मिळेल का हो?' त्याला मी सांगितलं ते इथेही सांगते: बासचा एक जोडाही महाराष्ट्रातल्या पाण्यात येता कामा नये. जॉर्जियात तो घरचा मासा आहे म्हणून त्याची निगा राखायची. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात तो आला तर आपल्या माशांचा काळ ठरेल. आपल्याकडे परका मासा येऊन काय होतं हे उजनीच्या कोळ्यांना विचारावं. चिलापी, म्हणजे वर सांगितलेला तिलापियाच, १९५२ मध्ये भारतात आणली गेली, ती आज कोणत्या पाण्यात नाही?

पण त्याच भाच्याच्या शेततळ्याला आमच्या तळ्याचा हिशोब मात्र लागू पडतो. तो सांगोल्याकडे राहतो, डाळिंबासाठी प्लास्टिकचा कागद घातलेलं दहा-बारा गुंठ्यांचं तळं आहे. 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर अशी तळी गावोगाव झाली, आणि पाणी आहेच तर मासे सोडू असं पुष्कळांनी केलं. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणजे तिथे दाटी आपोआप होत नाही, ती आपणच करतो. मिश्र मत्स्यपालनात हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सांगतात. त्या हिशोबाने दहा गुंठ्यांना पाचशे ते हजार. बीज विकणाऱ्याने त्याच्या गळ्यात कितीतरी पट जास्त मारलं. वर्षाअखेर किलोचा कटला मिळायच्या जागी पावशेराचे मासे निघाले, व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला. त्यात पाण्याबरोबर चिलापी शिरलेली. तिची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते आणि वर्षातून अनेकदा पिल्लं देते, त्यामुळे तिची दाटी बासपेक्षाही झटपट होते. तो म्हणत होता, 'लहान आहेत, राहू देत, पुढच्या वर्षी मोठे होतील.' आमच्या वसाहतीत मी हेच वाक्य दुसऱ्या भाषेत ऐकलेलं आहे. मी त्याला चार महिन्यांनी जाळं ओढून वीस मासे तोलायला, वजनं वहीत लिहायला आणि वाढ थांबलेली दिसली की निम्मे मासे त्याच आठवड्यात विकायला सांगितलं. चिलापी तर दिसेल तेव्हा काढायची, एकही परत टाकायची नाही.

संपादक महोदय, आपल्या कृषी पानावर डाळिंब-द्राक्षांच्या छाटणीवर तारीखवार सल्ला येतो. शेततळ्यात गुंठ्याला किती बोटुकली सोडावीत, कधी तोलावीत, कधी आणि किती काढावीत, याचाही सल्ला मत्स्य महाविद्यालयातल्या जाणकारांकडून घेऊन हंगामाच्या सुरुवातीला छापावा, ही विनंती. आणि अमेरिकेत अशा वसाहतींत तळ्याकाठी राहणारी जी मराठी घरं हे पान वाचत असतील, त्यांनी आपल्या समितीला एवढंच विचारावं: गेल्या वर्षी तळ्यातून किती किलो बास काढले, आणि बारा इंचांचा मासा किती ग्रॅम भरतो? उत्तर मिळालं नाही तर वजनकाटा घेऊन स्वतः धक्क्यावर जावं. लहान मासे घरी आणावेत. आगळ भारतीय दुकानात मिळतं.

आपली,
एक नियमित वाचक, जॉर्जिया, अमेरिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)